तारीखरावांची तारीख चुकते

साडू हे नातं ज्याने कोणी काढलं, त्याला दुसऱ्याची झोप बघवत नसणार. भाऊ असता तर एकदाचं भांडून मोकळं होता आलं असतं, शेजारी असता तर दार लावून घेता आलं असतं. साडूचं तसं काहीच करता येत नाही, कारण मध्ये बायकोची बहीण उभी असते. त्याच्याकडे बघून हसावं लागतं, त्याच्या नव्या गाडीत मागे बसून 'वा, ऐसपैस आहे हो' म्हणावं लागतं, आणि घरी परतताना बायकोच्या तोंडून 'बघा, ते कसं सगळं टापटीप ठेवतात' हे ऐकून घ्यावं लागतं.

तारीखराव हे वाक्य लग्नापासून नाही, पण साडूच्या लग्नापासून ऐकत आले होते. तारीखराव हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते कचेरीने ठेवलेलं. ते आवक-जावक विभागाचे मुख्य कारकून होते. बाहेरून आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. शिक्का बसला की कागद आला. त्याआधी तो टेबलावर डोळ्यांसमोर पडलेला असला, तरी आलेला नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा खुद्द साहेबांनी 'जरा कालची तारीख टाका हो' म्हणून गळ घातली, तेव्हा तारीखरावांनी शिक्का कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि पोटात दुखतंय म्हणून घरी निघून गेले. अशा माणसाला तारखेने तोंडघशी पाडावं, आणि तेही साडूच्या हातून, याला काय म्हणावं!

झालं ते असं. एका रविवारी दोन्ही जावई सहकुटुंब सासुरवाडीला जमले होते. धाकट्या जावयाने, म्हणजे साडूने, आपला लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि घरातले जुने फोटो दाखवायला घेतले. पडद्यावर फोल्डर उघडले. प्रत्येक वर्षाचा एक, त्याच्या पोटात महिन्यांचे, आणि सगळे कसे कवायतीला उभे केल्यासारखे. 'कुठलंही साल सांगा,' साडू म्हणाला. सासऱ्यांनी एक साल सांगितलं, आणि चुटकीसरशी ते साल पडद्यावर हजर झालं. तारीखरावांच्या बायकोने 'अगबाई!' म्हटलं. तारीखरावांना ते 'अगबाई' नको तिथे लागलं. आपलं काही बघून या जन्मात तिला असं 'अगबाई' म्हणावंसं वाटलेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग तो फोटो आला. सासरे खुर्चीत बसलेत, मान थोडी मागे गेलीय, डोळे मिटायच्या बेताला आलेत आणि ते हसताहेत. सासरे एरवी हसणाऱ्यातले नव्हते. लग्नात आहेर स्वीकारतानासुद्धा त्यांचा चेहरा पावती फाडणाऱ्या माणसासारखा होता. पण या फोटोत ते असे काही हसत होते, की बघणारा प्रत्येकजण आपोआप हसायला लागला.

"हाच," सासरे म्हणाले. "आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत ना, तेव्हा हा मोठा करून दिवाणखान्यात लावू. आणि खाली बारीक अक्षरात छाया म्हणून फोटो काढणाऱ्याचं नाव घालू. काढणाऱ्याने काढलाय खरा!"

"मीच काढलाय बाबा," साडू म्हणाला.

"काहीतरीच काय," तारीखराव म्हणाले. "कॅमेरा माझा होता. त्या वेळी अख्ख्या घरात एकट्या माझ्याकडे कॅमेरा होता."

"कॅमेरा तुमचाच हो साडूभाऊ, पण काढला मी. तारीखच बघा ना." साडूने फोटोवर माउस नेला, उजवं बटण दाबलं आणि प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे त्या दिवसाची तारीख होती. वेळसुद्धा होती. "तुमच्याकडे काय तारीख आहे?"

तारीखरावांना कोणीतरी तारीख विचारत होतं आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, असा प्रसंग त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता. "घरी आहे," ते म्हणाले. "बघून सांगतो."

"सांगा निवांत," सासरे म्हणाले. "तारीख ज्याची खरी, त्याचं नाव. फ्रेमवाल्याला महिनाअखेरीला द्यायचंय."

घरी येताना तारीखरावांच्या डोळ्यांसमोर तो दिवाणखाना होता, भिंतीवर ती फ्रेम होती, आणि खाली साडूचं नाव होतं. ते मरेपर्यंत तिथे राहणार होतं. प्रत्येक भेटीत पाणी पिताना, चप्पल घालताना ते दिसणार होतं. सोन्यामोत्याचं काही गेलं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं, पण हे नाही.

घरचा कॉम्प्युटर उघडला, तर फोटोंची अवस्था बघवेना. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन', 'फोटो सगळे', 'फोटो सगळे खरे', आणि एकाचं नाव नुसतं 'हे'. 'हे'च्या आत पुन्हा 'नवीन फोल्डर'. कचेरीत कोणी असं कपाट ठेवलं असतं, तर तारीखरावांनी त्याची लेखी तक्रार केली असती.

पण काम कसं करायचं ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आलेला प्रत्येक कागद उघडायचा, डोळ्यांखालून घालायचा, आडवा असेल तर सरळ करायचा आणि बघितल्याची खूण केल्याशिवाय मिटायचा नाही, ही त्यांची रीत. तीच त्यांनी इथे लावली. एकेक फोटो उघडला, नीट पाहिला, आडवा होता तो उभा केला, आणि प्रत्येकाला न चुकता 'सेव्ह' केलं. खूण म्हणजे खूण. मुलीचं बारसं झालं, तिचा शाळेचा पहिला दिवस झाला, कुणाकुणाच्या गाड्या, कुणाकुणाची कुत्री झाली. मध्येच सासऱ्यांचा तो हसरा फोटोही लागला, पण छोटा, धूसर, कोणीतरी कोणाला तरी पाठवलेला. त्यालाही त्यांनी मोठ्या प्रेमाने सेव्ह केलं. दोन दिवस जेवणाच्या ताटावरून उठून ते हेच करत होते. शेवटी कंबर सरळ करून त्यांनी तारखेप्रमाणे मांडणी लावली आणि बायकोला हाक मारली.

बायको पदराला हात पुसत आली. पडद्यावरच्या प्रत्येक फोटोसमोर काल आणि आज, या दोनच तारखा होत्या.

"म्हणजे आपल्या मुलीचं बारसं काल झालं?" बायको म्हणाली.

तारीखरावांनी कॉम्प्युटरकडे असं पाहिलं, जसं लाच घेताना सापडलेल्या शिपायाकडे पाहावं. ज्या माणसाने आयुष्यात खोटी तारीख घातली नाही, त्याने दोन दिवसांत स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात, हजारो खोटे शिक्के मारले होते.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले काका राहत. बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक आपण काढलं होतं, या एका अधिकारावर ते इमारतीत कॉम्प्युटरविषयी बोलत. तारीखरावांचा चेहरा जिन्यात दिसल्याबरोबर ते चहाला थांबतो म्हणत आतच आले.

"त्याचं असं आहे," खुर्ची ओढत ते म्हणाले, "फाइलीला तारीख एक नसते. जन्माची वेगळी, दुरुस्तीची वेगळी. तुम्ही दुरुस्तीची घालवलीत. जन्माची आहे अजून शाबूत."

तारीखरावांना हायसं वाटलं. "मग ती जपायची कशी?"

"सोपं आहे. सगळं एकदा पेनड्राइव्हवर उचलून घ्यायचं, इथलं पुसून टाकायचं, आणि परत आणून ठेवायचं. जरा हवापालट झाला की फाइली सुधारतात."

हवापालट झाला. फाइली परत आल्या. आता जन्मतारीख आजची होती आणि दुरुस्तीची कालची.

"काका," तारीखराव हळू आवाजात म्हणाले, "ही आज जन्मली आणि काल दुरुस्त झाली?"

बँकवाले काकांनी चष्मा पुसला. बँकेत असं काही झालं असतं तर तपासणी बसली असती, असं ते म्हणाले, जणू यात त्यांचा काहीच हात नव्हता. "पण घाबरू नका. फोटोच्या पोटात एक तिसरी तारीख असते. कॅमेऱ्याने स्वतः घातलेली. तिला कोणाचा बाप बदलू शकत नाही." त्यांनी कुठेतरी दोन-चार ठिकाणी दाबलं आणि ती तारीख काढून दाखवली. ती एक जानेवारी होती. पुढच्या फोटोची एक जानेवारी. त्याच्या पुढच्याचीही. सहल एक जानेवारीला, वाढदिवस एक जानेवारीला, गॅलरीत वाळत घातलेली गादी एक जानेवारीला.

मग तारीखरावांना आठवलं. त्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की त्याचं घड्याळ मूळपदावर जायचं, आणि ते लावायचं कसं हे घरात कोणालाच शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मूळपद म्हणजे कारखान्याने दिलेलं साल. ते साल तारीखरावांच्या लग्नाच्या आधीचं होतं. आणि बँकवाले काका नेमके तारीखरावांच्या तान्ह्या मुलीच्या फोटोवर थांबले होते.

काकांनी त्या तारखेकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं, त्याखाली लग्नाची तारीख छापलेली होती. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपण काही कोणाला बोलणार नाही," ते अतिशय समजूतदारपणे म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईंनी तारीखरावांच्या बायकोला जिन्यात गाठून विचारलं, "तुमचा प्रेमविवाह का हो?" त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही. "एका फोटोखाली नाव यावं म्हणून तुम्ही माझं नाव घालवलंत," हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य होतं. मधल्या मधे साडूचा फोनही येऊन गेला. "सापडली का तारीख साडूभाऊ? मदत हवी असेल तर येऊ का?" हा 'येऊ का' इतका गोड होता की तारीखरावांनी रात्री जेवणात मीठ कमी आहे म्हणून वाद घातला, आणि मीठ बरोबर होतं.

अशा अवस्थेत त्यांना एकदम आठवलं, की कॅमेरा नवा असताना पहिले फोटो त्यांनी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. तेव्हा घरी कॉम्प्युटर नव्हता. ते यंत्र कधीच मोडीत निघालं, पण त्यातलं सगळं संगणक शाखेने कुठेतरी जपून ठेवलेलं असणार. कारण आपल्या कचेरीत काम होत नसेल, पण फेकत कोणी काही नाही, यावर त्यांचा विश्वास होता.

संगणक शाखेचे साहेब म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

तारीखरावांनी अर्ज लिहिला. अर्ज आवक विभागातूनच जावा लागतो. म्हणून त्यांनी तो खिडकीबाहेरून आत सरकवला, आत जाऊन बसले, घेतला, वाचला, 'नक्कल जोडलेली नाही' म्हणून परत केला, बाहेर येऊन नक्कल जोडली आणि पुन्हा आत जाऊन शिक्का मारला. यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळेना. विभागातले लोक मात्र पाणी प्यायला म्हणून उठून बाहेर गेले.

अर्जावर शेरा आला: 'सरकारी यंत्रावर खाजगी छायाचित्रे कोणाच्या परवानगीने ठेवली, याचा खुलासा करावा.' खुलासाही आवक विभागातूनच जायचा. इतक्या वर्षांच्या निष्कलंक नोकरीत तारीखरावांनी स्वतःच्या खुलाशावर स्वतःच्या हाताने शिक्का मारला, आणि तो किंचित तिरका बसला. हे सगळं साडूमुळे, ते मनात म्हणाले. तो तिकडे गाडीत गाणी ऐकत असेल.

शेवटी संगणकवाल्या साहेबांना दया आली, किंवा कंटाळा आला, आणि त्यांनी एक जुनी सीडी हातावर ठेवली. "हिच्यावर काही सेव्ह होत नाही," ते म्हणाले. "तुमच्या बाबतीत हे बरंच आहे."

महिनाअखेर दोन दिवसांवर आली होती. तारीखरावांनी घरी सीडी घातली, बायकोला जवळ बसवलं आणि पुन्हा हात चाळवू नयेत म्हणून माउस तिच्याकडे दिला. फोल्डर उघडला. तारखा जशाच्या तशा होत्या; कॅमेरा नवा असताना दुकानदाराने लावून दिलेलं घड्याळ तेव्हा अजून बरोबर चालत होतं. सासऱ्यांच्या फोटोपुढे साडूने दाखवली तीच तारीख होती, पण वेळ साडूच्या वेळेच्या कितीतरी आधीची. साडूचा संध्याकाळचा, हा दुपारचा. म्हणजे साडूने तो यांच्याकडूनच नेला होता!

"बघ!" तारीखराव ओरडले. "बघ, चोर कोण ते! माझ्याकडचा आधीचा आहे!"

"उघडू का?" बायको म्हणाली.

"उघड! मोठा कर!"

फोटो उघडला. हा पूर्ण होता, साडूच्या फोटोहून रुंद. मधोमध खुर्चीत सासरे हसत होते. आणि उजव्या कडेला, जो भाग साडूच्या फोटोत नव्हताच, तिथे दोन माणसं जमिनीवर मांडी घालून बसली होती. दोघांच्या मध्ये कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडं होतं, आणि दोघं त्यात डोकं खुपसून एकमेकांवर बोटं नाचवत होती. एक साडू होता. दुसरे तारीखराव होते.

तारीखराव पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"आठवलं," बायको म्हणाली. "फोटोवर तारीख कशी उमटवायची यावरून तुमचं भांडण चाललं होतं."

आता कोणताही शहाणा माणूस ती सीडी खणात टाकून गप्प बसला असता. तारीखरावांनीही रात्रभर विचार केला. आपण फोटो काढलेला नाही, हे दुःख होतं. पण साडूनेही काढलेला नाही, हे सुख त्याहून मोठं होतं. आपलं नाव त्या भिंतीवर लागलं नाही तरी चालेल, त्याचं लागता कामा नये, इतकी स्वच्छ भावना त्यांच्या मनात पूर्वी कधी आली नव्हती. सकाळी दाढी करताना ते चक्क गुणगुणत होते.

त्या संध्याकाळी सासुरवाडीला सगळे जमले. तारीखरावांनी साडूच्याच लॅपटॉपमध्ये सीडी घातली, साडूच्याच वायरीने तो टीव्हीला जोडला आणि फोटो लावला. साडूचा चेहरा पडायला लागला, तो पडतच राहिला. तारीखरावांनी तो डोळे भरून पाहिला.

"कडेला कोणीतरी वाकलेलं दिसत होतं," साडू पुटपुटला. "मी त्याच संध्याकाळी कापून टाकलं, बाबा मध्ये यावेत म्हणून. छोट्या पडद्यावर कोण ते कळलंच नाही. आणि मग मला खरंच वाटायला लागलं की मीच..."

"मलाही खरंच वाटत होतं," तारीखराव नाइलाजाने म्हणाले. "पण मग काढला कोणी?"

सासरे दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "अहो जावईबापू, तुम्ही दोघं त्या पुस्तकात डोकं घालून बसलेले. तुमच्याकडे बघून मी असा हसेन?"

आणि त्यांनी मान वळवली. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"कॅमेरा नुसता पडला होता खुर्चीवर," सासूबाई म्हणाल्या. "हे म्हणाले, दाब गं बटण, तुला काय खाणारे का तो? मी उलटा धरला होता. मग हे हसायला लागले, तो सरळ केला आणि दाबलं."

"आई, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" साडूची बायको म्हणाली.

"मला कोणी विचारलं? तारीख विचारत होतात सगळे. आणि माझ्याकडे कुठे गं तारीख?"

"तुम्ही तरी बोलायचं ना बाबा!" तारीखरावांची बायको म्हणाली.

"बोलणार होतो. पण हे दोघं माझ्या फोटोवरून इतके हिरिरीने भांडत होते. जावयांनी माझ्यासाठी भांडावं, हे पन्नास वर्षांत एवढंच. म्हटलं, चालू दे." आणि सासरे सासूबाईंकडे बघून हसले. फोटोतल्यासारखंच.

दोन्ही जावई त्या हसण्याकडे बघत राहिले. तारीखरावांना पुन्हा नको तिथे लागलं. आजवर साडूची गाडी बघून, साडूचे फोल्डर बघून जे लागत होतं, त्याच जागी, पण जास्त खोल. ते साडूवर नव्हतंच या वेळी. त्यांनी शेजारी पाहिलं, तर साडूचाही चेहरा तसाच झाला होता.

"साडूभाऊ," साडू हळूच म्हणाला, "आपल्याकडे बघून घरात कोणी असं हसतं का हो?"

तारीखराव बायकोकडे बघत होते. ती बहिणीशी बोलत होती, समोरच्या बाईंनी जिन्यात 'प्रेमविवाह का' म्हणून विचारलं ती गोष्ट सांगत होती. त्यांनी घाईघाईने खिशातून फोन काढला, तो आधी उलटा धरला, मग आडवा, मग अंगठा काचेवर आला. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं.

"अहो, फोटो काढताय?" ती म्हणाली. "आधी तारीख बरोबर आहे का बघून घ्या!"

आणि ती हसली. बहिणीला सांगताना हसत होती त्याहून वेगळं, सरळ त्यांच्याकडे बघून, मान मागे टाकून. तारीखरावांनी बटण दाबलं. फोटो हलला, कोपऱ्यात अंगठ्याची सावली आली, पण हसणं पूर्ण आलं.

साडूने खांद्यावरून डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान आलाय हो," तो म्हणाला. "मला पाठवा ना. नीट वर्षाच्या फोल्डरमध्ये लावून ठेवतो."

"नाही," तारीखराव म्हणाले आणि फोन खिशात घातला. "हा माझा आहे."